प्रत उतरली, हक्क मागे राहिले

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या विभागातील सामायिक संगणकाची डिस्क एका गुरुवारी पहाटे बंद पडली. आम्ही फारसे घाबरलो नाही. रोज रात्री दोन वाजता सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवणारी एक छोटी आज्ञावली आम्हीच लिहिली होती आणि तीन वर्षे ती विनातक्रार चालत होती. नवी डिस्क बसवली, राखीव प्रत परत आणली. दुपारपर्यंत सगळ्यांच्या फाइली जागेवर होत्या. मजकुरात एका अक्षराचाही फरक नव्हता.

संध्याकाळी तक्रारी सुरू झाल्या. फाइल उघडते, पण तीत केलेला बदल साठवता येत नाही. पाहतो तर सगळ्यांच्या सगळ्या फाइलींचा मालक एकच, 'रूट', म्हणजे संगणकाचा मुख्य व्यवस्थापक. आम्ही एकेक फोल्डर घेऊन त्यातील फाइली ज्याच्या त्याच्या नावे करून दिल्या. तक्रारी थांबल्या. काम झाले असे समजून आम्ही घरी गेलो.

शनिवारी एक विद्यार्थी दाराशी आला आणि संकोचत म्हणाला, "सर, प्रात्यक्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका मला उघडता येतेय. ती उघडायला हवी का?"

ती फाइल आमच्या एका सहकाऱ्यांनी महिनाभर आधीच फक्त स्वतःला वाचता येईल अशी बंद करून ठेवली होती. परीक्षा सोमवारी होती. रविवारचा दिवस नवी प्रश्नपत्रिका काढण्यात गेला. त्या मुलाच्या आधी ती कोणी पाहिली होती का, हे कळायला काही मार्ग नव्हता.

हक्क कमी झाले की माणसे ताबडतोब ओरडतात, कारण त्यांचे काम अडते. हक्क जास्त झाले की कोणाचेच काही अडत नाही, म्हणून कोणी तक्रारही करीत नाही. गुरुवारची चूक आम्हाला तासाभरात समजली आणि शनिवारची केवळ एका विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणामुळे समजली. दोन्ही चुकांचे मूळ मात्र एकच होते. फाइलीची प्रत काढणे म्हणजे नेमके काय, हे आम्ही नीट समजून घेतले नव्हते.

मालकाचे नाव कोठे असते?

शेतातील माती कितीही उकरली तरी तीत मालकाचे नाव सापडत नाही. ते तलाठ्याच्या दप्तरात, गाव नमुना सातमध्ये असते. फाइलीचेही तसेच आहे. फाइल कोणाची, ती कोणी वाचावी, कोणी बदलावी, हे त्या फाइलीच्या मजकुरात कोठेही लिहिलेले नसते.

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकाराला आणली. आजची लिनक्स तिच्याच घाटाची आहे आणि मॅक संगणकांची प्रणाली तिच्याच वंशातली. या प्रणालींत प्रत्येक फाइलीसाठी डिस्कवर एक नोंद असते. तिला 'आयनोड' म्हणतात. मालकाचा क्रमांक, गटाचा क्रमांक, परवानग्या, आकार, शेवटचा बदल केव्हा झाला ती वेळ आणि मजकूर डिस्कवर कोठे ठेवला आहे त्याचा पत्ता, हे सारे आयनोडमध्ये असते. गंमत म्हणजे फाइलीचे नाव मात्र त्यात नसते! ते फोल्डरमध्ये असते. फोल्डर म्हणजे 'हे नाव, हा आयनोड क्रमांक' अशी एक यादीच.

म्हणूनच एकाच डिस्कविभागात फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली, तर तिचे हक्क जसेच्या तसे राहतात. फक्त यादीतील ओळ इकडची तिकडे होते, आयनोड तोच राहतो. प्रत काढताना मात्र नवा आयनोड तयार होतो. म्हणजे पीक तेच, पण शेत नवे आणि सातबाराही नवा. त्या नव्या उताऱ्यावर कोणाचे नाव लागणार, हा खरा प्रश्न आहे.

नऊ बिटे आणि अष्टमान पद्धती

परवानग्या तीन प्रकारच्या असतात : वाचणे, लिहिणे आणि चालवणे. त्या तीन वर्गांना वेगवेगळ्या दिल्या जातात : मालक, गट आणि इतर. तीन त्रिक नऊ, म्हणून नऊ बिटे. परवानगी असेल तर १, नसेल तर ०. तीन-तीन बिटांचा एकेक गट केला की प्रत्येक गटाची किंमत ० ते ७ यांपैकी असते, आणि म्हणून या परवानग्या अष्टमान पद्धतीत लिहिणे सोयीचे जाते. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. तेव्हा ६४० म्हणजे मालकाला वाचणे-लिहिणे, गटाला फक्त वाचणे, इतरांना काहीच नाही. आमच्या सहकाऱ्यांनी प्रश्नपत्रिकेवर ६०० हा आकडा लावला होता. वर्गात द्विमान आणि अष्टमान पद्धती शिकवताना 'हे शिकून उपयोग काय?' असा प्रश्न हमखास येतो. त्याला हे एक रोकडे उत्तर आहे.

फोल्डरच्या बाबतीत या तीन शब्दांचे अर्थ थोडे बदलतात. फोल्डर 'वाचणे' म्हणजे आतील नावांची यादी पाहणे, 'लिहिणे' म्हणजे त्यात नावे घालणे किंवा काढणे, आणि 'चालवणे' म्हणजे त्यातून आत शिरणे. आत शिरण्याची परवानगी नसेल, तर आतील फाइल सगळ्यांना खुली असूनही तिच्यापर्यंत पोचता येत नाही.

आता संगणक प्रत कशी काढतो ते पाहू. प्रत काढण्याची आज्ञा 'सीपी' अशी आहे. (आज्ञा रोमन अक्षरांतच टंकायच्या असतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.) ही आज्ञा मूळ फाइल उघडते, दुसऱ्या नावाची नवी फाइल तयार करते आणि पहिलीतील बाइट दुसरीत ओतते. नवी फाइल जो तयार करतो तो तिचा मालक, हा प्रणालीचा नियम. आमची आज्ञावली रात्री रूटच्या नावाने चालत होती, म्हणून सगळ्या प्रती रूटच्या झाल्या. त्या परत आणल्या तेव्हाही रूटनेच आणल्या. गुरुवारच्या तक्रारींचा उलगडा एवढ्यात होतो.

नव्या फाइलीच्या परवानग्या ठरवताना मध्ये एक चाळणी असते. तिला 'यूमास्क' म्हणतात. पुष्कळ ठिकाणी ती ०२२ असते, म्हणजे गट आणि इतर यांची लिहिण्याची परवानगी ती अडवते. ६६६ मागितले तर ६४४ मिळते. त्यामुळे ही साधी वजाबाकी आहे असा पुष्कळांचा समज होतो, आणि काही पुस्तकांतही तसे छापलेले आढळते. पण यूमास्क ०३३ घेऊन पाहा. वजाबाकीने ६३३ येईल. प्रत्यक्षात येते ६४४. सहा म्हणजे ११०. तीन म्हणजे ०११. चाळणीत जेथे १ आहे तेथील बिट बंद करायचे, बाकीची तशीच ठेवायची. ११० मधून उरतात १००, म्हणजे चार. बंद असलेले बिट पुन्हा बंद केले तर काही बिघडत नाही, आणि हातचा घेण्याचा प्रश्नच येत नाही. हे तर्कशास्त्रातले 'आणि' व 'नाही' आहे, अंकगणितातले उणे नव्हे.

'सीपी' नवी फाइल तयार करते तेव्हा मूळ फाइलीचा परवानगीचा आकडा घेते आणि तो या चाळणीतून काढते. ६०० चाळणीतून गेले तर ६००च राहते. मग आमची प्रश्नपत्रिका उघडी कशी पडली?

सहकाऱ्यांनी ती फाइल पहिल्या दिवशी तयार केली तेव्हा तिचा आकडा ६४४ होता. त्या रात्री तिची प्रत निघाली, ती ६४४. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाइल ६०० केली. रात्री आमची आज्ञावली पुन्हा चालली. पण आता त्या नावाची प्रत आधीच अस्तित्वात होती. अशा वेळी 'सीपी' नवी फाइल करत नाही. असलेल्या फाइलीतील मजकूर पुसून त्या जागी नवा भरते. आयनोड जुना, म्हणून परवानग्याही जुन्याच. पुढे महिनाभर रोज रात्री मजकूर ताजा होत राहिला आणि आकडा मात्र पहिल्या दिवशीचाच राहिला.

हे दोन मिनिटांत करून पाहता येते. लिनक्स असलेला कोणताही संगणक चालेल. रास्पबेरी पायसारखा छोटासुद्धा. एक फाइल तयार करा आणि 'चमॉड' या आज्ञेने तिला ६४४ द्या. 'सीपी'ने तिची प्रत काढा. मूळ फाइल ६०० करा आणि त्याच नावावर पुन्हा प्रत काढा. 'एलएस -एल' या आज्ञेने दोन्हींच्या परवानग्या पाहा. मूळ बंद आणि प्रत उघडी, असे दृश्य दिसेल. विद्यार्थ्यांना आधी अंदाज करायला सांगावा. आमच्याकडे संशोधन करणाऱ्यांपैकीही बहुतेकांचा अंदाज चुकला. आता 'सीपी -पी' असे लिहून तिसऱ्यांदा प्रत काढा. यातील 'पी' म्हणजे मालक, परवानग्या आणि वेळा मूळच्याच राखा, अशी सूचना. प्रतही आता ६०० झालेली दिसेल.

एवढे एक अक्षर आमच्या आज्ञावलीत असते तर हा लेख लिहावा लागला नसता. पण त्या अक्षराने सगळे भागत नाही.

मालकी कोण देऊ शकतो?

'सीपी -पी' सामान्य वापरकर्त्याने चालवली तर परवानग्या आणि वेळा राखल्या जातात, मालक नाही. दुसऱ्याच्या फाइलीची प्रत त्याच्या नावे करण्याचा अधिकार लिनक्समध्ये मुख्य व्यवस्थापकालाच असतो. आपलीच फाइल दुसऱ्याला देऊन टाकायलाही मनाई का असावी, असे वाटेल. युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह या शाखेत तशी मुभा होतीही. बर्कली शाखेने ती काढून घेतली. प्रत्येकाला डिस्कवर ठरावीक जागा दिलेली असेल, तर आपल्या मोठ्या फाइली शेजाऱ्याच्या नावे करून स्वतःचा हिशोब हलका दाखवण्याची सोय त्या मुभेत होती. तात्पर्य, सर्वांच्या फाइलींची राखीव प्रत रूटच्या अधिकारानेच काढावी आणि रूटच्या अधिकारानेच परत आणावी लागते.

आणखी एक बारकावा आहे. नऊ बिटांच्या डोक्यावर आणखी तीन बिटे असतात. त्यांतील एक 'सेट-यूआयडी' नावाचे. ते लावलेली आज्ञावली कोणीही चालवली तरी ती आपल्या मालकाच्या अधिकाराने चालते. परवलीचा शब्द बदलण्याची 'पासडब्ल्यूडी' ही आज्ञा अशीच काम करते. परवलीच्या शब्दांची सांकेतिक नोंद ठेवणारी फाइल सामान्य माणसाला लिहिता येत नाही, तरी तो आपला शब्द बदलू शकतो, कारण ती आज्ञावली रूटच्या अधिकाराने चालते. ही कल्पना डेनिस रिची यांची. तिच्या एकस्वासाठी १९७३ साली अर्ज केला होता आणि ते १९७९ साली मिळाले. आता समजा, अशा आज्ञावलीची प्रत काढताना मालक बदलला आणि हे बिट मात्र तसेच राहिले. मग ती प्रत चालवणाऱ्या प्रत्येकाला नव्या मालकाचे अधिकार मिळतील! म्हणून मालक राखता आला नाही तर 'सीपी' हे बिट मुद्दाम काढून टाकते. लिनक्समध्ये फाइलीचा मालक बदलला की हे बिट आपोआप उतरते, तेही याच कारणाने.

यातून कामाचा क्रम ठरतो. आधी मजकूर, मग मालक, मग परवानग्या. परवानग्या आधी लावून मालक नंतर बदलला तर सेट-यूआयडी बिट हातचे जाते. फोल्डरबाबत तर क्रम आणखी कडक आहे. मूळ फोल्डर 'लिहायला बंद' असेल आणि प्रतीवर ती परवानगी आधीच लावली, तर सामान्य वापरकर्त्याला त्यात पुढच्या फाइली घालताच येणार नाहीत. शिवाय आत प्रत्येक फाइल घालताना फोल्डरची वेळ बदलत राहते. म्हणून फोल्डरची झाकणे सर्वांत शेवटी लावायची. आणि मजकूर ओतला जात असताना, परवानग्या लागण्याच्या आधीच्या क्षणभरात गुप्त फाइल उघडी राहू नये, यासाठी आज्ञावलीच्या सुरुवातीलाच यूमास्क ०७७ करून घेणे शहाणपणाचे.

नाव की क्रमांक?

आयनोडमध्ये मालकाचे नाव नसते, क्रमांक असतो, हे वर ओघात आले. एकाच संगणकावर याने काही बिघडत नाही. पण एका संगणकावर १००१ हा क्रमांक मुख्याध्यापकांचा आणि दुसऱ्यावर तोच क्रमांक नववीच्या वर्गाच्या सामायिक खात्याचा असेल तर? क्रमांक इमानेइतबारे राखून आणलेली प्रत मुख्याध्यापकांच्या फाइली नववीच्या स्वाधीन करील.

'टॅर' ही आज्ञा या कामी जुनी आणि विश्वासू आहे. ती १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आली. मुळात चुंबकीय फितीवर फाइली साठवण्यासाठी ती केली होती, म्हणून नावात 'टेप' आहे. टॅर अनेक फाइलींची एक मोठी फाइल करते आणि प्रत्येक फाइलीच्या मजकुराआधी ५१२ बाइटांचे एक मथळ्याचे पान लावते. त्यातील पहिले १०० बाइट नावासाठी, पुढचे आठ परवानग्यांसाठी, मग आठ मालकाच्या व आठ गटाच्या क्रमांकासाठी, असा तो आराखडा आहे. हे आकडे साध्या अक्षरांत, तेही अष्टमान पद्धतीत लिहिलेले असतात. पुढे या आराखड्यात मालकाच्या नावाचीही जागा आली. रूटने टॅर उघडली की ती आधी नाव जुळते का पाहते, न जुळल्यास क्रमांक वापरते. सामान्य वापरकर्त्याने उघडली तर सगळे त्याच्याच नावे होते आणि परवानग्या यूमास्कच्या चाळणीतून जातात, हेही ध्यानात ठेवावे.

शाळांमध्ये राखीव प्रत म्हणजे बहुधा पेनड्राइव्ह. तेथे वेगळीच अडचण आहे. पेनड्राइव्हवर सहसा 'फॅट' किंवा 'एक्सफॅट' पद्धतीची मांडणी असते. फॅटच्या यादीतील प्रत्येक नोंद ३२ बाइटांची असते. तीत नाव, आकार, वेळ आणि 'फक्त वाचण्यासाठी', 'लपवलेली' अशा दोन-चार खुणा मावतात. मालकासाठी रकानाच नाही! वही एका रकान्याची असेल तर लिहिणाऱ्याने कितीही सावधपणा दाखवून काय उपयोग? अशा पेनड्राइव्हवरून परत आणलेल्या सगळ्या फाइली एकाच मालकाच्या आणि एकाच परवानगीच्या होतात, पुष्कळदा ७५५. उपाय सोपा आहे. फाइली सुट्या न ठेवता टॅरची एकच फाइल करून ती पेनड्राइव्हवर ठेवावी. हक्कांची नोंद तिच्या आत सुरक्षित राहते. फॅट ३२ मध्ये एका फाइलीला चार गिगाबाइटची मर्यादा आहे. तिच्यापुढे गेल्यास तुकडे करावे लागतात. आणि पेनड्राइव्ह खिशात कोणाकडे जातो याचे भान हवे, कारण ज्याच्या हातात तो, त्याला टॅर उघडून सगळेच वाचता येते. परवानग्या पाळणारी प्रणाली मागे संगणकात राहिलेली असते.

विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत मालकी आणि सविस्तर परवानग्या असतात, पण तेथेही साधी प्रत नव्या फोल्डरचे हक्क घेते. मूळचे राखायचे तर 'रोबोकॉपी' आज्ञेला 'कॉपीऑल' हा पर्याय द्यावा लागतो.

आमच्याकडे आता रोजच्या कामासाठी 'आरसिंक' वापरतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली ती प्रसिद्ध केली. बदललेल्या फाइलींपुरतेच, आणि त्यांतील बदललेल्या भागापुरतेच काम करणे हे तिचे वैशिष्ट्य. 'आरसिंक -ए' लिहिले की परवानग्या, मालक, गट आणि वेळा राखल्या जातात. मजकूर तोच असून परवानगी तेवढी बदलली असली तरी प्रतीवर ती दुरुस्त होते. त्या 'ए'चा अर्थ 'सर्व काही' असा घेतला जातो, तो बरोबर नाही. एखाद्या व्यक्तीला नावाने दिलेली जादा परवानगी हवी तर मोठ्या लिपीतील 'ए', फाइलीला चिकटवलेले जादा गुणधर्म हवेत तर मोठा 'एक्स', आणि एकाच आयनोडला असलेली दोन नावे तशीच राखायची तर मोठा 'एच' वेगळा द्यावा लागतो.

हे सगळे करूनही आमचा आमच्यावर फारसा विश्वास उरलेला नाही. रोज रात्री प्रत काढण्यापूर्वी 'फाइंड' या आज्ञेने प्रत्येक फाइलीची परवानगी, मालक, गट आणि नाव यांची एक यादी करून ती प्रतीबरोबर ठेवतो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एखादे फोल्डर रिकाम्या डिस्कवर परत आणतो, त्याची तशीच यादी करतो आणि 'डिफ' आज्ञेने दोन्ही यादी ताडून पाहतो. फरक नसेल तर पडद्यावर काहीच उमटत नाही. गेल्या खेपेला तीन ओळी उमटल्या. तिन्ही फाइलींच्या मालकाच्या जागी जुन्या यादीत नाव होते, नव्या यादीत नुसताच क्रमांक. ते सहकारी मधल्या काळात निवृत्त झाले होते आणि त्यांचे खाते काढून टाकले होते. उद्या तोच क्रमांक एखाद्या नव्या विद्यार्थ्याला दिला गेला असता, तर या तिन्ही फाइली आपोआप त्याच्या झाल्या असत्या. त्या आम्ही विभागाच्या खात्यावर वर्ग केल्या आणि तो क्रमांक पुन्हा कोणालाही द्यायचा नाही, असे संगणकाशेजारच्या वहीत लिहून ठेवले.